लीड्सचे भाड्याचे घर आणि मिनेसोटाची मुलगी

अमेरिकन विद्यार्थ्याला ब्रिटनमध्ये रुळायला वेळ तो काय लागणार, असे सर्वसाधारणपणे धरून चालतात. भाषा तीच, मालिका आणि गाणी बव्हंशी तीच, आणि विमानतळावर उतरल्यावर पासपोर्ट यंत्रावर ठेवला की फाटक उघडते. अडखळायला हवे ते साताऱ्याहून आलेल्या माझ्यासारखीने. २०२२ च्या सप्टेंबरात लीड्सच्या हेडिंग्ली भागातल्या एका जुन्या, लाल विटांच्या घरात आम्ही दोघी एकाच आठवड्यात राहायला आलो. ती अमेरिकेतल्या मिनेसोटाची, मी साताऱ्याची, आणि तिसरा खोलीकरी हल शहराचा, म्हणजे अस्सल यॉर्कशायरचा. पुढे वर्षभर पावलोपावली ठेच लागली ती तिलाच, आणि मी मात्र आजोळी आल्यासारखी त्या घरात वावरत होते. असे का झाले असावे, याचा विचार मी अजूनही करते.

आमचा मुहूर्तच विलक्षण होता. ८ सप्टेंबरला राणी एलिझाबेथ वारल्या होत्या आणि १९ तारखेच्या सोमवारी, अंत्यविधीच्या दिवशी, मोठी दुकाने सरसकट बंद होती. घरात खायला पाव आणि हलच्या मुलाने आणलेल्या डबाबंद घेवड्याखेरीज काही नव्हते. त्याआधीचे चार-पाच दिवस लंडनमध्ये शवपेटीच्या दर्शनासाठी थेम्सच्या काठाने मैलोन्‌मैल रांग लागली होती आणि ती रांग किती लांबली आहे हे सरकारच थेट दाखवत होते. मिनेसोटाच्या मुलीला ही रांग काही केल्या उमगेना. लोकांना आधी वेळ ठरवून का देत नाहीत, असे तिने विचारले. ‘मग ती रांग कसली?’ असे हलच्या मुलाने उलट विचारले आणि त्याच्या मते तिथे विषय संपला. आषाढीला पंढरपुरात गोपाळपूरपर्यंत गेलेली दर्शनबारी ज्याने पाहिली आहे त्याला हे उत्तर पुरते. उभे राहणे हाच त्यातला अर्धा विधी असतो, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी दारात एक पत्र येऊन पडले. घरात टीव्हीचा परवाना नाही, आणि थेट प्रक्षेपण पाहायचे असेल तर वर्षाला १५९ पौंड भरून तो घ्यावा लागेल, अशी ताकीद त्यात होती. तिला वाटले, कुणीतरी फसवायला पाहते आहे. टीव्ही पाहायला परवाना कसा लागेल? मला मात्र आमच्या आजोबांच्या ट्रंकेतले रेडिओच्या परवान्याचे पुस्तक आठवले. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकापर्यंत पोस्टात जाऊन पैसे भरून रेडिओचा परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. आपण ती पद्धत सोडून दिली, ज्यांच्याकडून घेतली त्यांनी ठेवली. त्या वर्षात असे वारंवार घडले. तिला जे चमत्कारिक वाटे ते मला केवळ जुने वाटे.

घराच्या भिंतींपासूनच पाहायचे तर, पहिल्या रात्री तिने फोन चार्जिंगला लावला आणि सकाळी तो बंद पडलेला सापडला, कारण प्लगशेजारचे बटण दाबायचे असते हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. अमेरिकेत भिंतीवरच्या प्लगला बटण नसते, तो सदैव चालूच असतो. शिवाय तिकडचा दाब १२० व्होल्ट आणि इकडचा २३०, त्यामुळे केस वाळवायचे घरून आणलेले यंत्र नुसता पिनांचा आकार बदलून लावल्याबरोबर जळाले आणि जिन्यापर्यंत वास गेला. न्हाणीघरात प्लग नाही आणि दिवा लावायला छतापासून लोंबणारी दोरी ओढायची, हे तर तिने फोटो काढून घरी पाठवले. बेसिनला गरम पाण्याचा एक आणि थंड पाण्याचा दुसरा असे दोन स्वतंत्र नळ होते. जुन्या घरांत गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून येई आणि पिण्याचे थंड पाणी थेट मुख्य नळातून, म्हणून दोन्ही एकत्र होऊ द्यायची नाहीत असा दंडक होता, आणि टाक्या गेल्या तरी नळ राहिले. ती बिचारी एका हाताला चटका आणि दुसऱ्याला बर्फ सोसत तोंड धूत असे. मी बेसिनला बूच लावून विसण घालून घेई, कारण बादलीत विसण घालून आंघोळ करण्यातच माझे बालपण गेले होते.

तळमजला सोडून वर मजले मोजायला सुरुवात करणे, तारीख लिहिताना आधी दिवस मग महिना, सेल्सियसमधले तापमान, रस्त्याच्या डाव्या बाजूने धावणारी वाहने, दुकानात फ्रीजबाहेर उघड्यावर ठेवलेली अंडी, हे सगळे तिला एकेक करून शिकावे लागले. अंड्यांची तर तिला भीतीच वाटे. अमेरिकेत अंडी धुऊन विकतात, त्यामुळे त्यांच्यावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि ती थंडच ठेवावी लागतात. ब्रिटनमध्ये ती न धुताच विकतात. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मे महिन्यातही अंड्यांचे ट्रे बाहेरच असतात, असे मी सांगितल्यावर तिचे समाधान होण्याऐवजी चिंता वाढली.

थंडीचे मात्र तिने मला नवल वाटायला लावले. मिनेसोटात हिवाळ्यात तळी इतकी गोठतात की त्यांवरून मोटारी नेतात. अशा ठिकाणची मुलगी लीड्सच्या पाच-सहा अंशांत कुडकुडत होती, कारण तिच्या प्रदेशात बाहेर काहीही असो, घरात एकवीस अंश असतात आणि लोक शर्टावर वावरतात. आमच्या घरात बॉयलर सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ चाले. रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर इंधनाचे भाव असे भडकले होते की सर्वसाधारण कुटुंबाचे वर्षाचे वीज-गॅसचे बिल एका वर्षात १,२७७ पौंडांवरून, सरकारने मर्यादा घालूनही, २,५०० पौंडांवर गेले होते. हलचा मुलगा अंगात दोन स्वेटर घालून सोफ्यावर बसे आणि यात काही विशेष आहे असे त्याला वाटत नसे. साताऱ्यातही घर तापवायची पद्धत नाही. थंडी वाजली तर शाल घ्यायची असते. घर गरम असणे हा हक्क आहे असे मानणारी आमच्यात ती एकटीच होती. डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळू लागला तेव्हा तिने नकाशा उघडून पाहिला. मिनेसोटातले मिनियापोलिस ४५ अक्षांशावर आणि लीड्स जवळजवळ ५४ वर, हे तिला कुणी सांगितले नव्हते. हवामान सौम्य म्हणून आपण दक्षिणेला आलो आहोत, अशीच तिची कल्पना होती.

कपडे धुण्याचे यंत्र स्वयंपाकघरात होते आणि वाळवण्याचे यंत्र नव्हतेच. मोठ्या घोडीवर कपडे वाळत घालायचे, ती घोडी रेडिएटरशेजारी सरकवायची आणि मग आठवडाभर सगळ्या घराला आपल्याकडच्या श्रावणातल्यासारखा कुबट वास यायचा. तिच्या कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरली. त्या बुरशीकडे मी पुढे वळणार आहे.

चहाचा प्रकार सोपा होता. पहिल्याच संध्याकाळी तिने कपात पाणी घालून तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तेव्हा हलच्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. १२० व्होल्टांवर विजेची किटली मंद चालते, त्यामुळे अमेरिकेत ती फारशी कुणी घेत नाही. इकडची तीन हजार वॉटची किटली बघता बघता उकळते. पण किटलीपेक्षा मोठा धडा वेगळा होता. घरात कुणीही चहासाठी उठले की त्याने प्रत्येक खोलीच्या दारातून ‘तुला?’ असे विचारायचे असते, आणि स्वतःपुरता चहा करणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, पण लक्षात मात्र ठेवते. ‘चहा टाकतेय, कुणाला हवाय?’ ही हाक ज्या घरात रोज ऐकू येते तिथून मी आले होते. तिला कुणी विचारले की ती आभार मानून ‘नको’ म्हणे, आणि तिची पाळी येत नसे. नोव्हेंबर उजाडेपर्यंत तिने ते हेरले, आणि मग तिच्याइतका वेळच्या वेळी चहा आम्हा दोघांपैकी कुणीच केला नाही.

तिला कानदुखी झाली तेव्हा मी सोबत गेले होते. सकाळी आठच्या ठोक्याला दवाखान्यात फोन लावायचा, लागेपर्यंत लावत राहायचा, आणि मग स्वागतकक्षातल्या बाईंना आजार सांगायचा, हा भाग तिला अपमानास्पद वाटला. पण वेळ मिळाली, डॉक्टरांनी कान तपासला, औषध लिहून दिले, आणि आम्ही बाहेर आलो. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. हातात अमेरिकेतल्या विम्याचे कार्ड होते. आतल्या बाईंनी काय हवे म्हणून विचारले. पैसे कुठे भरायचे, असे तिने विचारले. भरायचे नाहीत, असे उत्तर आले. तिने पुन्हा विचारले. बाईंनी पुन्हा तेच सांगितले आणि मागच्या माणसाला पुढे बोलावले. औषधाच्या दुकानात ९ पौंड ३५ पेन्स लागले तेवढेच. परतताना ती गप्प होती आणि मग बसमध्ये एकाएकी तिच्या आईच्या शस्त्रक्रियेची आणि त्यानंतर कितीतरी वर्षे फेडलेल्या बिलाची गोष्ट सांगू लागली. खरे म्हणजे आम्ही दोघींनी व्हिसाच्या वेळीच वर्षाला ४७० पौंड आरोग्य अधिभार भरलेला होता, तेव्हा उपचार फुकट नव्हते. तरीही आजारी माणसाच्या हातात बिल न देण्याने माणूस किती बदलतो, ते मी त्या बसमध्ये पाहिले. मला सातारच्या सिव्हिल हॉस्पिटलातला केसपेपर आठवत होता. तिला आठवायला असे काही नव्हते.

सगळ्यात कठीण गेले ते गुण. जानेवारीच्या अखेरीस पहिल्या निबंधाचा निकाल लागला आणि तिला १०० पैकी ६२ मिळाले. अमेरिकेत पदवीपर्यंत तिला नव्वदीच्या खाली कधी मिळाले नव्हते, आणि साठ म्हणजे तिथे जेमतेम काठावर. ती दार लावून बसली. परत जावे की काय इथवर विचार गेला होता. मी दारातूनच तिला सांगितले की आमच्या पुणे विद्यापीठात ६० ला पहिला वर्ग आणि ७० ला विशेष प्रावीण्य, आणि सत्तर मिळाले तर घरी पेढे वाटतात. इकडेही एम.ए.ला ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. वरच्या तीस गुणांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. ते जणू मंदिराच्या गाभाऱ्यासारखे राखीव असतात. तिला हे पटायला कठीण गेले, आणि तिचेही बरोबरच होते. ज्या पट्टीच्या वरच्या भागाचा उपयोगच करायचा नाही ती शंभरापर्यंत का ओढायची, या तिच्या प्रश्नाला मी आजही उत्तर देऊ शकत नाही.

पण फरक केवळ पट्टीचा नव्हता. तिच्या विद्यापीठात शिकवणारा प्राध्यापकच गुण देई. दर आठवड्याला काहीतरी लिहून द्यायचे, वर्गात बोलल्याचे गुण, कमी पडले तर जादा काम करून भरून काढायची सोय, आणि तरीही पटले नाही तर खोलीत जाऊन वाद घालायची मुभा. इथे अख्ख्या विषयाचा निकाल एका चार हजार शब्दांच्या निबंधावर, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक, तपासणी दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जाणार, वर बाहेरच्या विद्यापीठाचा परीक्षक, आणि परीक्षकांच्या विद्याविषयक निर्णयाविरुद्ध अपील नाही. तिला ही व्यवस्था थंड, निर्मम वाटली. मला ती बारावीच्या बैठक क्रमांकाइतकी ओळखीची होती, आणि याला कारण आहे. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, आणि ते विद्यापीठ त्या काळी शिकवण्यापेक्षा परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था होती. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही आपली सवय तिथून आली. अमेरिकेने ती वाट घेतली नाही. म्हणून अटलांटिक ओलांडणाऱ्यापेक्षा अरबी समुद्र ओलांडणाऱ्याला लीड्सची परीक्षा जवळची वाटते.

या वाटेने, न्यूयॉर्कहून लंडनला, गेलेला सर्वांत थोर मराठी विद्यार्थी म्हणजे डॉ. आंबेडकर. १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन ही संस्था, मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये परत, १९२० मध्ये पुन्हा लंडन. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघी लंडनला गेलो तेव्हा १० किंग हेन्रीज रोडवरचे त्यांचे घर पाहिले, जे २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. कोलंबियाच्या ग्रंथालयात ज्यांचा पुतळा आहे ते कोण, हे तिला ठाऊक नव्हते. तिथल्या खोलीत ती बराच वेळ थांबली आणि जिना उतरताना, त्या काळी इथे केवढी थंडी वाजत असेल, एवढेच म्हणाली.

माझे सगळे सुरळीत आणि तिचे सगळे अवघड, असे चित्र उभे राहत असेल तर ते अर्धवट आहे. ब्रिटिश नळ, बटणे आणि गुण मला ओळखीचे होते, ब्रिटिश दार नव्हते. व्हिसासाठी मला क्षयरोग नसल्याचा दाखला, म्हणजे छातीचा एक्स-रे लागला. तिला लागला नाही. विमानतळावर ती यंत्राच्या फाटकातून गेली आणि मी तासभर खिडकीसमोरच्या ओळीत होते. पबमध्ये तिचा उच्चार ऐकला की लोक खुर्ची ओढून जवळ येत, मिनेसोटा कुठे आले ते विचारत, तिच्या राजकारण्यांवर विनोद करत. ती परत कधी जाणार हे मात्र तिला कुणी विचारले नाही. मला अगदी सभ्यपणे, हवापाण्याच्या गप्पांच्या ओघात, बऱ्याच वेळा विचारले. पुढे पुढे हा प्रश्न आला की मीच उत्तर देण्याआधी ती ‘मीही परत जाणारच आहे’ असे सांगू लागली.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येते आणि ब्रिटनमध्ये तो कामाचा दिवस असतो. त्या वर्षी तो २४ तारखेला आला आणि नेमका त्याच दिवशी प्राध्यापकांचा देशव्यापी संप होता, तेव्हा वर्ग नव्हते. बर्ड फ्लूच्या साथीमुळे टर्की मिळणे आधीच कठीण झाले होते, आणि आमच्या ओव्हनमध्ये ती मावलीही नसती. कोंबडीवर भागवले. भोपळ्याचा ‘पाय’, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, करायचा होता, पण हॅलोवीन उलटला की लाल भोपळे दुकानांतून नाहीसे होतात. कर्कगेट मार्केटमधून लांबट पिवळा भोपळा आणला, त्यातल्या अर्ध्याचा तिने पाय केला आणि अर्ध्याचे मी गूळ घालून घारगे केले. हलच्या मुलाने दोन्हींवर ग्रेव्ही ओतायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या विश्वचषकात इंग्लंड आणि अमेरिका समोरासमोर होते. सामना ०–० सुटला, पबमधले लोक स्वतःच्याच संघावर चिडले, आणि ती एकटी आनंदाने ओरडत होती. बरोबरीत सुटलेल्या सामन्यात एवढा आनंद कसा होतो, ते विचारायला दोघे-तिघे आमच्या टेबलाशी आले.

आता ती बुरशी. हलच्या मुलाने आपल्या खोलीतली बुरशी ब्लीचने पुसून टाकली होती. मी पलंग भिंतीपासून दूर सरकवला होता. आम्हा दोघांच्या लेखी विषय संपला होता. ती मात्र गप्प बसली नाही. तिने रोज एक फोटो काढला, त्यावर तारीख घातली, घरमालकाच्या एजंटला पत्र लिहिले, उत्तर आले नाही म्हणून पुन्हा लिहिले, आणि तिसऱ्या पत्राची प्रत नगरपालिकेच्या गृहनिर्माण विभागाला पाठवली. रॉचडेलमध्ये दोन वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू घरातल्या बुरशीमुळे झाला, असा निष्कर्ष त्याच नोव्हेंबरात चौकशीअंती जाहीर झाला होता आणि देशभर त्यावर संताप होता. तिने पत्रात त्याचा उल्लेख केला. हलच्या मुलाला हे सगळे जरा भांडकुदळपणाचे वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही संकोच वाटत होता, कारण भाडेकरूने मालकाशी फार वाकड्यात जाऊ नये, हे आमच्याही घरचे वळण आहे. फेब्रुवारीत माणूस आला, न्हाणीघराला हवा बाहेर फेकणारा पंखा बसला आणि तिची भिंत खरवडून पुन्हा रंगवली गेली. रंगारी निघताना तिने त्याला चहा विचारला, आणि मग आम्हा दोघांनाही.

तोवर ती पुष्कळ बदलली होती. बसमधून उतरताना चालकाचे आभार मानी, घरात स्वेटर घाली, टोमॅटोचा तुटवडा पडून दुकानांनी माणशी दोन-तीन पाकिटांची मर्यादा घातली तेव्हाही तिने आवाज चढवला नाही. पण सोसून घेण्याची जी सवय त्या देशात आणि आपल्याही देशात सद्गुण म्हणून गणली जाते, ती तिने घेतली नाही. मला वाटते, नाही घेतली हेच बरे केले. त्या पंख्याखाली माझेही कपडे वाळत होते.

सप्टेंबरात प्रबंध देऊन झाला, आणि निकाल लागला तेव्हा ती मिनेसोटात होती आणि मी साताऱ्यात. तिला ७१ मिळाले होते, मला ७०. तिने फोनवर सांगितले की बाबांनी आकडा ऐकून, पुन्हा परीक्षा द्यायची सोय आहे का, असे हळूच विचारले, आणि त्यांना समजावण्यात जेवण थंड झाले. माझ्या बाबांनी ‘डिस्टिंक्शन ना?’ एवढे विचारले आणि चपला घालून पेढे आणायला बाहेर पडले.